मरणाचा जाब कोणाला विचारायचा?

आफ्रिकेत नायजेरिया देशात बेन्वे नदीच्या खोऱ्यात तिव्ह लोक राहतात. कष्टाळू शेतकरी. आपल्या कोनफळाच्या जातीचा याम हा कंद त्यांचे मुख्य पीक. भाऊबंदांची वाडी, आणि वाडीवर वडीलधाऱ्यांचा शब्द.

हा शब्द चालतो कशामुळे? तिव्ह लोक म्हणतात, काही माणसांच्या काळजावर 'त्साव' वाढते. त्साव म्हणजे शक्ती. ती चांगल्या हाती असली की जमीन पिकते, घर नांदते. पण नरमांसावर पोसली की तीच घातकी होते. म्हाताऱ्याला मान मिळतो तो त्सावमुळे, आणि त्याची भीती वाटते तीही त्सावमुळेच!

आता घरातला तरणाताठा मुलगा गेला, तर काय होते पाहा. मरण आपसूक येते, हे सहसा कोणी मानीत नाही. मयताभोवती माणसे जमतात ती रडायला, तशी जाब विचारायलाही. आजोळची मंडळी येऊन विचारतात, "आमच्या भाच्याला कोणी खाल्ले?" पूर्वी मयताची छाती उघडून काळजावर त्साव आहे का, हेही पाहत. आणि संशयाचे बोट वळते ते भाऊबंदांतल्या म्हाताऱ्याकडे.

अकिगा साई या तिव्ह गृहस्थाने आपल्या लोकांचा हा सारा व्यवहार लिहून ठेवला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३९ साली छापून निघाले. १९२९ साली तर चेटूक हुडकण्याची 'हाकाआ' नावाची मोठी लाटच त्या मुलखात उसळली होती.

श्रोतेहो, म्हातारपणी माणूस विसरतो, एकटाच पुटपुटतो, रात्री उठून अंगणात फिरतो. वयाचीच ही लक्षणे. पण संशयी डोळ्यांना तीच खूण वाटते. मग शिव्या, मारहाण, घराबाहेर काढणे. ज्याने घर उभे केले, त्यालाच घराची बंदी. आणि मुलगा हिवतापाने गेला असेल, तर तो ताप तसाच राहतो. उद्या दुसऱ्या घरी जातो.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या नंदुरबारकडे 'डाकीण' ठरवून बायकांचे हाल झालेच आहेत. अशा प्रकारांविरुद्ध २०१३ साली महाराष्ट्रात कायदा झाला. पण कायदा येतो तक्रार झाल्यावर. त्याआधी, मयताच्या घरी कुजबूज सुरू होते, तेव्हा गुरुजींनी किंवा एखाद्या शहाण्या माणसाने एवढेच विचारावे, "अहो, ताप किती दिवस होता? डॉक्टरला कधी दाखवले?"

तेवढ्या प्रश्नानेही एखादी म्हातारी वाचेल.