वादप्रिय प्रीस्टली

प्राणवायूचा एक शोधक जोसेफ प्रीस्टली हा पेशाने धर्मोपदेशक, आणि बोलताना अडखळणारा! १७३३ साली इंग्लंडात जन्मलेल्या या गृहस्थाने व्याकरण लिहिले, विजेचा इतिहास लिहिला, सोडावॉटरची कृती शोधली. आणि राजमान्य चर्चशी जन्मभर दावा मांडला.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले. निघालेल्या वायूत मेणबत्ती लखलखून जळाली. पुढे, साध्या हवेत पाव तास टिकणारा उंदीर त्यात अर्धा तास टिकला. मग प्रीस्टलीने स्वतःच तो वायू हुंगला. जळणाऱ्या पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, ही जुनी समजूत लाव्हाझिएने याच वायूच्या आधारे मोडीत काढली. प्रीस्टलीने मात्र ती सोडली नाही.

१७९१ च्या जुलैत, फ्रेंच राज्यक्रांतीचा हा कैवारी म्हणून बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर व प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. तरी त्याने मते बदलली नाहीत. माझ्या मते हे धैर्य आणि तो हट्ट एकाच मातीचे. १७९४ साली तो अमेरिकेस गेला. १८०० साली तेथूनही फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ ग्रंथ काढला. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी, मृत्यूपूर्वी काही वेळ, तो आपल्या पुस्तिकांतील दुरुस्त्या सांगत होता.