रस्त्यावरचे पट्टे कोणी आखायचे?



आपल्या नवी मुंबईत पूर्वी शेते होती, मिठागरे होती. १९७० साली सिडको आली. मग शेतांतून रुंद रस्ते गेले. गाव एका अंगाला राहिले. शाळा, स्टेशन, कारखाना दुसऱ्या अंगाला. पोराबाळांनी रस्ता ओलांडायचा कसा? जीव मुठीत धरून?

त्यासाठीच रस्त्यावर पांढरे पट्टे आखतात. त्यांना झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. झेब्रा नावाच्या जनावराच्या अंगावर असेच पट्टे असतात. विलायतेत हे पट्टे १९५१ साली कायद्याने सुरू झाले. आपल्याकडेही नियम आहे. पट्ट्यांवर माणूस आला, की गाडीवाल्याने थांबावे. माणसाला आधी जाऊ द्यावे.

पण हे पट्टे आखायचे कोणी? आपण चुना आणून ओढले, तर चालत नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याचे ते काम. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत शहरातले बहुतेक रस्ते नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहेत. ही पालिका १ जानेवारी १९९२ पासून काम करते. सायन-पनवेल महामार्ग मात्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहे. पनवेल शहराला २०१६ पासून स्वतःची महानगरपालिका आहे. म्हणून आधी विचारावे, 'हा रस्ता कोणाचा?' चुकीच्या दारी दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो.

पट्टे आखण्याआधी जागा पाहावी लागते. माणसे किती ओलांडतात? गाड्या किती वेगाने येतात? वळणावर माणूस लांबून दिसतो का? वाहतूक पोलिसांनाही विचारावे लागते. रस्ता फार रुंद असला, गाड्या भरधाव असल्या, तर नुसत्या पट्ट्यांनी भागत नाही. तिथे सिग्नल, पूल किंवा भुयारी वाट हवी.

आता तुम्हाला लिहिता येते. मग अर्ज लिहा. साधाच लिहा:

'मा. आयुक्त यांस, आमच्या शाळेसमोर रोज मुले रस्ता ओलांडतात. येथे पट्टे नाहीत. जागा पाहून पट्टे आखावेत, ही विनंती.'

खाली दहा-वीस जणांनी सह्या कराव्या. अंगठा नको, सही! अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली विचारावे, 'आमच्या अर्जाचे काय झाले?' त्याला १० रुपये फी आहे. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे. हा कायदा २००५ सालचा आहे.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. एखादे पोर गाडीखाली सापडल्यावर सारा गाव रस्त्यावर बसतो. त्याच्या आधीच आपण एक कागद लिहू या.