मित्रजंतू आणि आपल्या रक्षक पेशी
(व्याख्यानाचे शब्दांकन)



'जंतू' हा शब्द मराठी घरात उच्चारला जातो तो बहुधा शत्रूचे नाव म्हणूनच. जंतुनाशक साबण, जंतुनाशक फिनेल, जंतुसंसर्ग, जंतुविरहित पाणी. या साऱ्या शब्दांमागे एकच धारणा आहे, की जंतू हा मारण्यासाठीच असतो. वस्तुतः प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू वास्तव्य करून असतात, असा हिशेब इस्रायलमधील संशोधकांनी २०१६ साली मांडला. ही संख्या शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीची आहे, आणि त्यांतील बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. एवढी प्रजा जर वैरी असती, तर मनुष्य जन्मल्यानंतर आठवडाभरही तगला नसता.

या प्रजेचा आणि शरीराच्या रक्षक पेशींचा संबंध काय, हा आजचा विषय. त्याचा आरंभ एका विलक्षण माणसापासून होतो. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन साम्राज्यातील प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली तो सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. घरातील मंडळी सर्कस पाहायला गेलेली असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींनी वेढा घातलेला! परक्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे सैनिक होत, असा सिद्धांत त्याने मांडला. त्याबद्दल १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पाऊल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले.

उत्तरायुष्यात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना हाच मेचनिकॉव्ह आंबट दुधाचा पुरस्कर्ता बनला. बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते दही भरपूर खातात, याकडे त्याने जगाचे लक्ष वेधले. दह्यातील जीवाणू आम्ल निर्माण करून आतड्यातील कुजण्याची क्रिया रोखतात, असे त्याचे मत होते. गंमत अशी, की भक्षक पेशी त्यानेच शोधल्या आणि उपकारक जीवाणूंची बाजूही त्यानेच उचलून धरली. परंतु या दोहोंना जोडणारा दुवा मात्र १९१६ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत कोणाच्याच हाती लागला नव्हता. तो दुवा समजण्यास पुढे जवळपास शतक जावे लागले.

हा दुवा कोणता? आतड्याच्या आतील अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या अलीकडे चिकट श्लेष्माचा थर आणि पलीकडे शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा साठा. सीमेवर चौक्या असाव्यात तसे तेथे लसिका पेशींचे पुंजके असतात. काही पहारेकरी पेशी अस्तरातील फटींतून आपले हात बाहेर काढून जीवाणूंचे नमुने सतत तपासत असतात. या तपासणीतून रक्षक पेशींचे प्रशिक्षण घडते. मित्र कोण, शत्रू कोण, केव्हा तुटून पडायचे आणि (हेही तितकेच महत्त्वाचे) केव्हा थांबायचे, हे त्या तेथे शिकतात. पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये हे पुंजके खुरटलेले आढळतात. ज्या सैन्याने कधी कवायतच केली नाही, त्याची अवस्था दुसरी काय होणार?

शिकागोच्या संशोधकांनी १९५४ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग येथे सांगितलाच पाहिजे. सुदृढ उंदराला साल्मोनेला या रोगजंतूची बाधा होण्यासाठी सुमारे एक लाख जंतू तोंडावाटे द्यावे लागत. मात्र स्ट्रेप्टोमायसिन देऊन आतड्यातील नेहमीचे जीवाणू नष्ट केले, की दहापेक्षाही कमी जंतू पुरेसे ठरत! मित्रजंतू जागा अडवतात, अन्न पळवतात, आम्ल निर्माण करतात, हे याचे एक कारण. आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ज्याला आमांशाची बाधा झाली नव्हती अशा एका सैनिकाच्या विष्ठेतून जो जीवाणू वेगळा केला, तो तर शत्रूला लागणारे लोहही आधीच बळकावून बसतो. शिवाय तो आतड्याच्या पेशींना जंतुनाशक प्रथिने स्रवायला लावतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले, की आतड्यातील जीवाणूंच्या कवचाचे सूक्ष्म तुकडे रक्तात उतरून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात आणि तेथील पांढऱ्या पेशींना सज्ज ठेवतात. अशा सज्ज पेशी न्यूमोनियाचा जंतू अधिक तत्परतेने मारतात. प्रतिजैविकांनी आतड्यातील जीवाणू नाहीसे केलेल्या उंदरांच्या पेशींत ही धार उरली नव्हती. म्हणजे आतड्यातील रहिवासी लढतात थोडे. लढायला लावतात अधिक.

हे झाले उंदरांचे. माणसाचे काय? याचे एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर आपल्याच देशातून, ओडिशाच्या खेड्यांतून आले आहे. नवजात अर्भकाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरणे ही भारतातील बालमृत्यूंमागील एक मोठी आपत्ती. बाळ दूध ओढेनासे होते, अंग गार पडते आणि काही तासांत सारे संपू शकते. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील १४९ गावांतील ४,५५६ अर्भकांवर एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ऑगस्ट २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याआधी शेकडो वाण तपासून त्यांतून लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जीवाणूचा एक वाण निवडण्यात आला. या जातीचे जीवाणू आंबवलेल्या भाज्यांतही आढळतात. जोडीला त्या जीवाणूचे खाद्य म्हणून एक वनस्पतिजन्य शर्करा होती. ही मात्रा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू करून केवळ सात दिवस द्यायची होती. कोणाला खरी मात्रा मिळते आहे आणि कोणाला दिसायला तशीच निष्क्रिय भुकटी, हे ना मातेला ठाऊक होते, ना देणाऱ्याला.

साठ दिवसांच्या देखरेखीनंतर निष्क्रिय भुकटी मिळालेल्या गटात जंतुसंसर्ग वा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते, तर जीवाणू मिळालेल्या गटात ५.४ टक्के. लाभ इतका स्पष्ट दिसला, की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली. फरक मुख्यतः जंतुसंसर्गातील होता. मृत्यू दोन्ही गटांत थोडेच होते, हेही सांगितले पाहिजे. पण सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट निराळीच आहे. या बाळांमध्ये श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. जीवाणू गेला पोटात आणि संरक्षण मिळाले छातीला! केवळ जागा अडवल्याने हे कसे घडेल? रक्षक पेशींना मिळालेली शिकवण शरीरभर पोहोचली, हेच याचे सर्वांत पटण्याजोगे स्पष्टीकरण होय.

तथापि, एवढ्यावरून औषधाच्या दुकानातील प्रत्येक पुडी अमृत ठरत नाही. ओडिशातील ती बाळे किमान दोन किलो वजनाची आणि जन्मतः निरोगी होती. उलट नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ असलेल्या रुग्णांना सहा जीवाणूंचे मिश्रण दिले गेले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ६ टक्क्यांऐवजी १६ टक्के निघाले; २००८ सालची ही नोंद आहे. अमेरिका आणि कॅनडातील जुलाबाने आजारी मुलांवरील दोन मोठ्या चाचण्यांत २०१८ साली काहीच लाभ दिसला नाही. त्याच वर्षी इस्रायलमधील प्रयोगात असे आढळले, की प्रतिजैविकांनंतर घेतलेल्या अशा मिश्रणाने मूळच्या जीवाणूंचे पुनरागमन उलट लांबले. शिक्षक निवडताना तो काय शिकवतो हे पाहावे लागते, आणि कोणत्या विद्यार्थ्याला, हेही. जीवाणूचा वाण बदलला की गुण बदलतो. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली मार्गदर्शक सूत्रे जाहीर करताना वेष्टनावर जीवाणूचे कुल, जाती आणि वाण, तसेच मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी किमान संख्या छापावी, असे म्हटले. पुडी हातात घेतल्यावर हे वाचणारे किती?

मग आपल्या घरच्या दह्याचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक सभेत येणारच. विरजणातील जीवाणू उपकारक कुळातले आहेत, यात शंका नाही. मात्र घरागणिक आणि ऋतूगणिक विरजण बदलते, त्यामुळे त्याला ठरावीक मात्रेचे औषध म्हणता येत नाही. ते उत्तम अन्न आहे. ताजे ताक जिवंत असते. त्याची कढी उकळली, की चव आणि प्रथिने उरतात, जीवाणू उरत नाहीत.

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. अपुऱ्या दिवसांच्या, रुग्णालयातील बाळांना असे जीवाणू देण्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली गंभीर इशारा दिला आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कोणतीही पुडी त्याच्या तोंडी जाऊ नये. आईचे पहिले पिवळसर दूध प्रतिपिंडांनी भरलेले असते. शिवाय मातेच्या दुधात काही अशा शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या असतात त्याच्या आतड्यात नुकत्याच वस्तीला आलेल्या मित्रजंतूंच्या पोषणासाठी.