खेळातले जोडकाम



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी गंभीर विषय ऐकण्याची रीत पडली आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. तेव्हा मी बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन असे आपण धरून चालला असाल. आज मी एका खेळण्यावर बोलणार आहे. हसू येत असेल तर आधी हसून घ्या. पण मग शेवटपर्यंत ऐका, एवढीच विनंती.

टेबलावर सैन्ये मांडून लढाई खेळण्याचा एक खेळ आहे. त्यातला शिपाई सुमारे सव्वा इंच उंचीचा असतो. फाशांनी आणि मोजपट्टीने त्याची चाल ठरते. अशा शिपायांच्या मधोमध कधी एखादे प्रचंड यंत्र उभे करतात: दोन पायांवर चालणारा पोलादी राक्षस, किंवा उडते जहाज. ते तयार विकत मिळत नाही. पेटीत त्याचे पन्नास, शंभर, कधी त्याहूनही अधिक सुटे भाग येतात, आणि ज्याचे त्याने ते जोडावयाचे असतात. या जोडणीविषयी मला बोलावयाचे आहे.

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल. खुळाचे मूळ मात्र दूरचे नाही. बुद्धिबळ ज्यातून निघाले तो चतुरंग म्हणजे पटावर मांडलेले सैन्यच. पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा सराव करण्याची पद्धत वरिष्ठांपुढे ठेवली. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. 'वॉरहॅमर' या नावाने जगभर खेळला जाणारा खेळ इंग्लंडातच १९८३ साली निघाला. आणि आपण? आपल्या अंगणात दर दिवाळीला पोरे दगड, विटा, गोणपाट आणि चिखल जमवून किल्ला करतात, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरतात, महाराजांना वर सिंहासनावर बसवतात आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या पोरांनी ते केव्हाच घेतले होते! ज्याने लहानपणी तटाची माती खचू नये म्हणून आत विटेचे तुकडे घातले आहेत, त्याला या पेटीतले यंत्र परके वाटण्याचे कारण नाही.

आता हे भाग कशाचे असतात, ते पाहू. प्लास्टिकचे खेळणे काढावयाचे तर पोलादी साचा लागतो. तो करावयास किती पैसा पडतो हे चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना मी सांगायला नको. हजारो नग खपणार असतील तरच तो परवडतो. थोडेच नग हवे असतील तेव्हा मूळ नमुन्यावरून सिलिकॉन रबराचा मऊ साचा घेतात, दोन द्रव पदार्थ एकत्र कालवून त्यात ओततात, आणि थोड्याच वेळात त्याचा घट्ट पदार्थ होतो. हेच पॉलियुरेथेन रेझीन. मोटारीच्या नव्या भागाचे पहिले नमुनेही याच रीतीने ओततात. रबराचा साचा काही डझन नग देतो आणि मग झिजतो. म्हणून रेझीनचा प्रत्येक नग थोडाफार हाताने केलेला असतो, आणि हातकामाचे गुण आणि दोष दोन्ही घेऊन येतो. कडेला पातळ पापडी राहते. शॉपमध्ये आपण तिला फ्लॅश म्हणतो. जिथून द्रव ओतला तिथे ठोकळा राहतो. आत बुडबुडे अडकतात. साच्याच्या दोन बाजू किंचित सरकल्या तर भागावर पायरी पडते. लांब भाग थंड होताना वाकतात.

पुनावळ्याचे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी शेतांचे पाहिले आहे. १९९७ साली ते महापालिकेत आले. आज महामार्गाच्या कडेला उंच इमारती उभ्या आहेत आणि पहाटे त्यांच्या फाटकांशी कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात. तिथल्या एका खोलीत चार तरुणांनी वर्गणी काढून आणलेले असे एक यंत्र मी जोडताना पाहिले. चौघेही चाकणच्या वेगवेगळ्या कारखान्यांत, दोघे कायम आणि दोघे कंत्राटी. त्यांच्यातला जो फिटर होता, त्याची आई मला म्हणाली, "साहेब, पोरगं रविवारभर बाहुल्या घेऊन बसतं. तुम्ही तरी सांगा काहीतरी." मी सांगावयास म्हणून बसलो आणि तीन तास पाहत राहिलो.

पेटी उघडल्यावर कोणीही गोंदाला हात लावला नाही. आधी सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून यादीशी ताडून पाहिले. एखादा भाग कमी असेल, मोडका असेल, तर तो आजच कळला पाहिजे. मग सगळे भाग कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने धुतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून तेलकट लेप दिलेला असतो. तो राहिला तर ना गोंद धरतो, ना रंग. ठोकळे हाताने मोडले नाहीत, बारीक पात्याच्या करवतीने कापले, कारण मोडताना ठोकळ्याबरोबर भागाचा टवकाही निघतो. वाकलेली तलवार गरम पाण्यात धरली, मऊ होताच सपाट फरशीवर सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात बुडवली.

त्यानंतर खरे काम सुरू झाले. गोंद न लावता भागाला भाग बसवून पाहावयाचा. चिकटपट्टीने, रबराने बांधून सगळा राक्षस एकदा उभा करून पाहावयाचा. याला ते 'ट्रायल' म्हणत होते. या ट्रायलमध्ये दोन दिवस गेले. पावलापासून सुरुवात होती. पाऊल तळपट्टीवर कोणत्या कोनात टेकते त्यावर गुडघा ठरतो, गुडघ्यावर कंबर, आणि कंबरेवर वरचा सगळा भार. घोट्यात केसाएवढी चूक झाली तर डोक्यापर्यंत ती बोटभर होते. फिटरने दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि कंबरेचा मध्य दोन पावलांच्या मध्ये येतो की नाही ते पाहिले. वजन पावलांच्या बाहेर गेले तर कोणताही गोंद त्याला सावरणार नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. आणखी एक हिशेब याच वेळी झाला: कोणते भाग आधी जोडावयाचे आणि कोणते रंगवून मग जोडावयाचे. छातीचे कवच आधी चिकटवले तर आतले यंत्र रंगवायला ब्रश जाणार नाही. कारखान्यात ही विभागणी प्लॅनिंग खाते करते आणि आपल्या हाती फक्त एक स्टेशन येते. इथे प्लॅनिंग, फिटिंग, तपासणी आणि रंगकाम एकाच टेबलावर होते.

ज्या सांध्यांवर भार येणार, तिथे नुसता गोंद चालत नाही. दोन्ही भागांत बारीक हातड्रिलने भोके पाडून पितळी तारेची पिन घालतात. आपली डॉवेल पिनच ती. दोन्ही भोके समोरासमोर यावीत म्हणून एका तोंडावर रंगाचा ठिपका देतात आणि तो ओला असतानाच दुसरे तोंड त्यावर टेकवतात. ठिपका उमटला तिथे भोक. ही युक्ती मला फार आवडली. तिला मोजमाप लागत नाही, आणि तरी ती चुकत नाही.

गोंदही दोन प्रकारचे असतात. एक, आपण फेविक्विक म्हणून ओळखतो तो. त्याचा शोध १९४२ साली अमेरिकेत, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना लागला. ते द्रव्य हाताला लागेल त्याला चिकटते म्हणून तेव्हा टाकून दिले, आणि १९५८ साली तेच गोंद म्हणून बाजारात आले. हवेतल्या ओलाव्याने ते क्षणात घट्ट होते. ताण सोसते, पण ठोका सोसत नाही. म्हणून ते लहान भागांना. कंबर आणि खांद्याला अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद. तो रात्रभर वेळ मागतो, पण दिलेला भार धरून ठेवतो. सांध्यात फट राहिली तर दोन रंगांची लांबी मळून, ओल्या बोटाने दाबून भरतात. मग वॉटरपेपर, आणि शेवटी प्रायमरचा एक हात. प्रायमर मारला की लपलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. तेव्हा पुन्हा लांबी, पुन्हा वॉटरपेपर.

या कामात एक धोका आहे, आणि तो न सांगता मला पुढे जाता येणार नाही. घट्ट झालेले रेझीन हाताळायला निरुपद्रवी आहे. त्याची कोरडी धूळ मात्र छातीत उतरते. म्हणून घासणे पाण्यातच झाले पाहिजे आणि तोंडाला चांगला मास्क हवा. नुसता रुमाल बांधून भागत नाही. जिथे हे द्रव ओतले जातात, तिथला धोका याहून मोठा. त्या द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने कामगाराला दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोडीशी वाफही पुरते. पेटी विकत घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की त्याच्या टेबलावरच्या राक्षसाआधी कोणीतरी एका शेडमध्ये तो साचा भरला आहे. तिथे हवा खेचणारा पंखा होता का, हा प्रश्न खेळणाऱ्यालाही विचारता येतो. विकत घेतलेल्या नगावरून गुपचूप साचा काढून स्वस्त नक्कल विकणारेही आहेत. मूळ नमुना कोरणाऱ्या कारागिराची महिन्यांची मजुरी त्यात बुडते. स्वस्त पडते म्हणून ती नक्कल घेणाऱ्या कामगाराने, आपल्याही कामाला कोणीतरी स्वस्त पर्याय शोधतोच आहे, हे विसरू नये.

माझे काही सहकारी विचारतात, "लढाईचा खेळ कामगाराने का खेळावा? आणि एवढा पैसा, एवढा वेळ?" लढाईविषयी मी एवढेच म्हणतो की, पडलेला शिपाई संध्याकाळी पुन्हा डब्यात जाऊन निजतो अशी लढाई जगात दुसरी नाही. पैशाचे म्हणाल, तर चौघांनी वर्गणी काढली आहे, आणि एका पेटीवर त्यांचे सहा महिने जाणार आहेत. खरा प्रश्न वेळेचा आहे.

हा वेळ कोणाच्या कृपेने मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याची सुटी मागितली. ती मिळायला १८९० सालचा १० जून उजाडावा लागला. आपला रविवार त्या सहा वर्षांच्या लढ्याचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे त्यावर सांगितले गेले. कंत्राटी पोराची संमती कशी घेतली जाते, हे या सभेत बसलेल्यांना ठाऊक आहे. बारा तासांत बसचे दोन तास मिळवा, झोप आणि जेवण मिळवा, आणि मग त्या टेबलाशी बसायला काय उरते ते मांडून पाहा.

मी त्या फिटरला विचारले होते, "दिवसभर लाईनवर जोडतोस, घरी येऊन पुन्हा जोडतोस. कंटाळा येत नाही?" तो म्हणाला, "लाईनवर मी चार बोल्ट आवळतो, काका. गाडी पुढे जाते. ती कुठे जाते, कोण चालवतो, मला माहीत नाही. हे पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं आहे."

बंधुभगिनींनो, या उत्तरात आमच्या संघटनेला एक मागणी सापडली पाहिजे. आपण पगार मागतो, कायमपणा मागतो, सुरक्षितता मागतो. ते मागितलेच पाहिजे. पण ज्या मुलाला ओळंबा लावता येतो, भार कुठे पडेल ते कळते, कामाचा क्रम ठरवता येतो आणि आपल्याच कामातला दोष शोधता येतो, त्याच्याकडून आपण चार बोल्ट आवळून घेतो. ही त्याची एकट्याची हानी नाही, उद्योगाचीही आहे. कामगाराला एका स्टेशनावरून दुसऱ्यावर नेऊन सबंध काम शिकवा, त्याच्या सूचनेला कागदावर जागा द्या, कंत्राटी म्हणून त्याला शिक्षणातून वगळू नका, अशी कलमे करारात आली पाहिजेत. त्यांना फारसा पैसाही लागत नाही.

आणि घरच्यांना माझे सांगणे एवढेच की रविवारी पोरगा टेबलावर वाकून बसला असेल तर खिडकी उघडी ठेवा, त्याच्याजवळ पाण्याची वाटी आणि मास्क आहे ना ते बघा, आणि त्याला बसू द्या. दिवाळीत त्याच्या धाकट्या भावंडांना किल्ला बांधायचा असेल तेव्हा त्यालाच मदतीला बोलवा. बुरूज कुठे ढासळेल, ते तो माती लावण्याआधी सांगेल.