ज्वालामुखींच्या गावांतून सायकलवर

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी सभासदांसाठी केलेल्या भाषणांपैकी एक. गच्चीवर झालेलं हे भाषण थोडं आटोपशीर करून छापलं आहे.)



प्रवासावर बोला, असं कमिटीने सांगितलं आणि वर अट घातली की स्लाइड्स दाखवायच्या नाहीत. स्लाइड्स दाखवणारा माणूस रात्री अकरापर्यंत थांबत नाही, असा पूर्वानुभव आहे म्हणे. मान्य. आज सगळं नुसतं तोंडाने.

मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे तिथे आपल्याकडच्या टूरच्या बसेस सहसा जात नाहीत. कातालोनिया म्हणजे स्पेनचा ईशान्य कोपरा, फ्रान्सला लागून असलेला. बार्सेलोना ही त्याची राजधानी. तिथून उत्तरेला बसने दोनेक तास गेलं की गरोचा नावाचा डोंगराळ तालुका लागतो. लिहिताना त्या नावात एक्स येतो, पण उच्चार ‘च’. नावाचा अर्थच मुळी खडबडीत, पाय ठेवायला अवघड अशी जमीन. उत्तरेला पिरिनीज पर्वत, मध्ये ओलोत हे तालुक्याचं गाव, आणि गावाच्या आजूबाजूला, किंबहुना गावातसुद्धा, ज्वालामुखी. जवळजवळ चाळीस. घाबरू नका, सगळे झोपलेले आहेत.

आम्ही दोघं मे महिन्यात पाच दिवस ओलोतला राहिलो आणि सायकली भाड्याने घेऊन फिरलो. “या वयात? डोंगरात?” हा प्रश्न बी विंगमधून लिफ्टमध्येच आला होता, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

ओलोत ते जिरोना अशी एक छोटी रेल्वे होती. रुळांमधलं अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे ज्यांना आपली बार्शी लाइट आठवते त्यांनी तीच गाडी डोळ्यांसमोर आणावी. बार्शी लाइट ७६२ची, फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा. तिथले लोक या गाडीला ‘कारिलेत’ म्हणत, म्हणजे छोटी आगगाडी. १८९५ मध्ये पहिला तुकडा सुरू झाला, १९११ मध्ये गाडी ओलोतला पोहोचली आणि १९६९ मध्ये बंद पडली. रूळ गेले. पण मार्ग कुणी गिळला नाही, हे महत्त्वाचं. त्या मार्गावर आता सायकलचा आणि चालण्याचा रस्ता आहे, ५४ किलोमीटरचा. बहुतेक ठिकाणी दाबून बसवलेली माती, मधूनमधून डांबर.

आता गंमत बघा. वाफेच्या इंजिनाला उभा चढ चढता येत नाही. त्यामुळे इंजिनिअरांनी शंभर वर्षांपूर्वी डोंगराला वळसे घालत जो सौम्य चढ काढून ठेवला, तोच आज साठीच्या गुडघ्यांना मानवतो. ओलोतहून निघालं की बास नावाच्या सपाट खोऱ्यातून शेतं, गाई, गवताच्या गंजी बघत जायचं. मग एक खिंड लागते, सुमारे ६०० मीटर उंचीवरची. एवढाच काय तो चढ. तिथून जिरोनापर्यंत जवळजवळ सगळा उतार. आमेर, आंग्लेस अशी गावं लागतात, नदी सोबतीला येते, जुनी स्टेशनं दिसतात. आम्ही सकाळी नऊला निघालो आणि जेवणखाण, फोटो, बाकावर बसणं धरून संध्याकाळी पाचला जिरोनात शिरलो. वाटेत एक आजोबा इलेक्ट्रिक सायकलवर आम्हाला मागे टाकून गेले. जाताना “बॉन दिया” म्हणाले, म्हणजे शुभ दिवस. तिथे भेटेल त्याला हे म्हणायचंच. स्पॅनिशही सगळ्यांना येतं, पण कातालान हीच त्यांची भाषा आहे, आणि तिच्यातले दोन शब्द जरी आपण बोललो तरी चेहरा खुलतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता दगडांकडे येतो. आपल्या या गच्चीवरून गिल्बर्ट हिल दिसते. काळ्या बसाल्टचे उभे खांब एकाला एक चिकटवून ठेवल्यासारखी ती टेकडी आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. आपली टेकडी सहा कोटी वर्षांहून जुनी. ओलोतपासून आठेक किलोमीटरवर कास्तेलफोलित नावाचं गाव आहे, तिथे हेच खांब पण वय किती? खालचा थर सुमारे २ लाख १७ हजार वर्षांचा, वरचा १ लाख ९२ हजारांचा. आपल्या टेकडीपुढे कालचं पोर! लाव्हाचे दोन लोंढे एकावर एक थिजले, मग दोन बाजूंनी दोन नद्यांनी ते कुरतडले, आणि उरली ती एक लांब, अरुंद, पन्नास मीटरहून उंच भिंत. त्या भिंतीच्या अगदी काठावर गावाची घरं आहेत. खालून बघितलं तर वाटतं, कुणीतरी बाल्कनीत कपडे वाळत घालताना जरा जास्त वाकलं तर थेट नदीत. गावाची सगळी हद्द मिळून एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही.

आम्ही खालच्या पुलावर सायकली टेकवून बराच वेळ ती भिंत बघत बसलो. हिने विचारलं, “आपल्या गिल्बर्ट हिलखाली असं कधी बसलोय का?” खाणी, झोपड्या, टॉवर यांच्यामधून आपण तिथे बसणार कुठे, हा भाग वेगळा.

खाणीवरून क्रोस्कात सांगायला हवा. मला विचाराल तर या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. क्रोस्कात हा त्या भागातला सगळ्यात तरुण ज्वालामुखींपैकी एक. शेवटचा जागा झाला त्याला साधारण अकरा ते तेरा हजार वर्षं झाली. १६० मीटर उंचीचा शंकू. तो घट्ट खडकाचा नाही, तर ज्वालामुखीने उडवलेल्या हलक्या, सच्छिद्र खड्यांचा ढीग आहे. असा खडा बांधकामाला फार सोयीचा, त्यामुळे अनेक वर्षं लोक तो खणून नेत होते. पुढे यंत्रं आली आणि डोंगराची एक बाजू केक कापावा तशी कापली गेली. १९७०च्या दशकात स्थानिक लोकांनी आवाज उठवला: शिक्षक, निसर्गप्रेमी, गिर्यारोहक, सामान्य गावकरी. सगळं गाव एका बाजूला होतं असं समजू नका. खाण म्हणजे कुणाची तरी रोजी. १९८२ मध्ये कातालोनियाच्या संसदेने कायदा करून हा सगळा ज्वालामुखी प्रदेश संरक्षित केला. तरी क्रोस्कातचं खणणं पूर्ण थांबायला १९९०चं दशक उजाडावं लागलं.

मग प्रश्न आला, हा कापलेला डोंगर आता करायचा काय? भराव टाकून, वर झाडं लावून जखम झाकता आली असती. त्यांनी ती झाकली नाही. साफ केली, घसरणार नाही अशी केली आणि उघडी ठेवली. आज तुम्ही त्या कापाच्या आत चालत जाता. दोन्ही बाजूंना काळे, तांबडे, विटकरी, पिवळसर थर, एकावर एक. ज्वालामुखी पोटातून कसा असतो हे भूगोलाच्या पुस्तकात आडव्या छेदाचं चित्र काढून दाखवतात ना, ते इथे खरोखरीचं उभं आहे. शाळेची मुलं वही घेऊन आलेली होती. त्यांच्या बाईंनी मूठभर खडे उचलून प्रत्येकाच्या हातावर ठेवले, वजन बघा म्हणाल्या, आणि निघताना सगळे खडे मोजून परत खाली टाकायला लावले. एकानेही खिशात घातला नाही.

शेजारचा सांता मार्गारिदा हा दुसरा ज्वालामुखी एकदम वेगळ्या स्वभावाचा. सायकल खाली लावून झाडीतून चढून जायचं, आणि वर गेल्यावर समोर मोठी हिरवी परात. त्या परातीच्या मधोमध एक छोटंसं देऊळ, म्हणजे चॅपेल. १४२८च्या भूकंपात ते पडलं होतं, १८६५ मध्ये पुन्हा बांधलं. ज्वालामुखीच्या तोंडात बसून आम्ही टोमॅटो चोळलेला पाव खाल्ला. हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणा ना: पावावर पिकलेला टोमॅटो घासायचा, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. बस्स.

शाकाहारी मंडळींची चौकशी होणार, म्हणून सांगतो. सांता पाऊ गावचे छोटे पांढरे घेवडे प्रसिद्ध आहेत. ज्वालामुखीच्या मातीत पिकतात, साल अगदी पातळ. पण ताटात सोबत सॉसेज येतं, ते नको असं आधी सांगायचं. मातो नावाचं ताजं, बिनमिठाचं चीज मधाबरोबर देतात, ते आपल्या माणसाला हमखास आवडतं. आणि दुपारी दुकानं बंद. पुण्याच्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटणार नाही.

आता आपण सहकारी संस्था म्हणून जमलो आहोत, तर एका सहकारी संस्थेबद्दल. क्रोस्कातच्या लाव्हावर बीचच्या झाडांचं एक घनदाट जंगल वाढलं आहे, फाजेदा द’एन जोर्दा. ही झाडं एरवी बरीच उंचावर येतात, इथे मात्र साडेपाचशे-सहाशे मीटरवर. जोआन मारागाल या मोठ्या कातालान कवीने त्यावर कविता केली आहे. त्या जंगलाच्या मध्यावर एक गोठा आणि दह्याचा कारखाना आहे, ला फाजेदा. क्रिस्तोबाल कोलोन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही संस्था १९८२ मध्ये सुरू केली. (हो, नाव कोलंबसचंच. पण यांनी अमेरिका शोधली नाही.) मनोरुग्णालयांत काम करताना त्यांनी पाहिलं होतं की रुग्णांना वेळ जावा म्हणून काहीतरी करायला देतात, आणि ते काम कुणालाच नको असतं. त्यांना खरं काम हवं होतं, ज्याचा माल बाजारात विकला जाईल आणि ज्याचा पगार मिळेल. तालुक्यातली मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे कामाला लागली. आधी गाई, मग १९९३पासून दही. आज कातालोनियाच्या दुकानांत ते दही मोठमोठ्या कंपन्यांच्या शेजारी मांडलेलं असतं. डब्यावर दयेचं आवाहन करून ते विकत नाहीत. दही चांगलं आहे म्हणून लोक घेतात. आम्हीही खाल्लं. चितळ्यांच्या चक्क्याशी तुलना करू नका, जात वेगळी.

शेवटी एक मुद्दा, पार्किंग समितीची माफी मागून. ओलोतच्या कडेला एक धावपट्टी आहे, तोसोल्स-बासिल. ओक झाडांच्या जागेत ती बांधायची होती. तिथल्याच तीन वास्तुशिल्पकारांच्या आरसीआर या कार्यालयाने पट्टी अशी आखली की झाडं मध्येच राहिली. धावणारा खेळाडू झाडांआड जातो आणि पुन्हा दिसतो. या तिघांना २०१७चं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना मिळालं. आपल्या गेटजवळच्या दोन पिंपळांचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. मी आज त्यावर काही बोलत नाही.

जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ओलोतला रेल्वे नाही, बसनेच जावं लागतं. जिरोनाला उतरून उलट दिशेनेही जाता येतं, पण मग तो सगळा उतार चढ होतो, एवढं लक्षात ठेवा. सायकलच्या सीटवर जेलचं कव्हर मागून घ्या, लाजू नका. आणि रेनकोट घ्याच. तिथे म्हण आहे की ओलोतला पाऊस नसेल तर तो कुठेच नाही. आमच्या पाच दिवसांतले तीन दिवस पाऊस होता. अंधेरी सबवे पाहिलेल्या माणसाला तो पाऊस म्हणजे शिंतोडेच, पण सायकलवर तो समोरून येतो.

कोणाला नकाशा हवा असेल तर माझ्याकडे आहे. जरा भिजलेला आहे, पण वाचता येतो.