एकसारख्या महारेणूंची शुद्धता
रोहणा परिसरासह वर्धा जिल्ह्यात पिकणाऱ्या कापसाचा एक तंतू सेल्युलोजच्या असंख्य साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या साखळ्यांची लांबी एकसारखी नसते. याउलट डेंड्रिमर, म्हणजे झाडाप्रमाणे फांदीला फांदी फुटत टप्प्याटप्प्याने घडवलेला कृत्रिम महारेणू, दुसऱ्या डेंड्रिमरशी तंतोतंत जुळावा अशी अपेक्षा असते. ती खरी ठरली की नाही, हे तपासणे घडवण्याइतकेच कठीण आहे. एथिलीनडायअमाइनचा गाभा असलेल्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे शून्याव्या पिढीचा थर धरून फांद्यांचे पाच थर चढवलेल्या, पॅमॅम डेंड्रिमरचे आदर्श रेणुवस्तुमान सुमारे 14,215 असून त्याच्या पृष्ठभागावर 64 अमाइन गट असतात. एक फांदीघटक जोडायचा राहून गेला, तर वस्तुमान जेमतेम 114ने घटते. सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून मोठे रेणू आधी आणि लहान नंतर बाहेर पडू देणाऱ्या जेल क्रोमॅटोग्राफीला एक टक्क्याहूनही कमी असलेला हा फरक सहसा उमगत नाही. मॅल्डी वस्तुमान वर्णपटमापनात मात्र तो स्पष्ट दिसतो, कारण तेथे लेसरच्या साहाय्याने, सहसा न मोडता, आयनित केलेल्या रेणूचेच वस्तुमान मोजले जाते. तरीही सर्व रेणू सारख्या सहजतेने आयनित होत नसल्याने अशुद्धीचे प्रमाण केवळ शिखरांच्या उंचीवरून ठरवणे धोक्याचे असते, म्हणून चुंबकीय अनुस्पंदनाने टोकाचे गट मोजून आणि द्रव क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून त्याची पडताळणी करावी लागते.