धाग्यांचा निरोप

वसई तालुक्यांतील चांदीपसारख्या गांवीं आषाढांत पाऊस कोसळूं लागला म्हणजे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. अशा गांवांतील एखाद्या हौशी गृहस्थानें पर्जन्यमापक संगणकाला जोडून पायथन भाषेंत एक प्रोग्राम लिहिला आहे, असें श्रोत्यांनीं क्षणभर कल्पावें. त्यांतील एक धागा, म्हणजे थ्रेड, दर मिनिटास माप वाचून रांगेंत ठेवतो. दुसरा तें रांगेंतून उचलून फाइलींत उतरवितो. मुख्य धागा दोघांवर देखरेख करतो. वीज गेली कीं संगणक बॅटरीवर कांहीं मिनिटें तग धरतो आणि मग प्रोग्रामला ‘आतां आवरा’ असा संदेश धाडतो. त्या अवधींत आवराआवर कशी करावी ?

सर्वांत सोपा मार्ग फसवा आहे. धाग्याला ‘डीमन’ ठरविलें, कीं प्रोग्राम संपतांना त्याची वाट पाहिली जात नाहीं. परंतु तो ओळ लिहीत असला, तर ती अर्धीच राहण्याचा संभव असतो. ज्या रात्रीं पाऊस सर्वांत अधिक, त्याच रात्रीची नोंद बुडावयाची ! बरें, धाग्याला बाहेरून ठार करण्याची सोय पायथननें ठेवलेलीच नाहीं; आणि तें योग्यच आहे. हातीं कुलूप घेऊन बसलेला धागा मध्येंच नाहींसा झाला, तर तें कुलूप उघडणार कोण ?

म्हणून धाग्याला खूण करावी आणि त्यानें आपण होऊन थांबावें. ‘इव्हेंट’ ही ती खूण. वाचणारा धागा ‘स्लीप’ म्हणून साठ सेकंद झोपला, तर त्याला हांक ऐकूं येत नाहीं. तेंच त्यानें इव्हेंटच्या ‘वेट’वर साठ सेकंद काढले, तर खूण होतांच तो तत्काळ जागा होतो.

यापुढें क्रम महत्त्वाचा. शेवटचा भारा खळ्यावर येईपर्यंत झोडणारा उठून जात नाहीं. तद्वत् प्रथम वाचणाऱ्यास थांबवून ‘जॉइन’नें त्याची वाट पाहावी, मग रांगेच्या शेवटीं ‘संपलें’ अशी चिठ्ठी ठेवावी. लिहिणारा मागील सर्व मापें उतरवून त्या चिठ्ठीपाशीं थांबतो व फाइल मिटतो. ‘जॉइन’ला मुदत घातली असल्यास ती टळली कीं नाहीं, हें तें सांगत नाहीं, धागा अद्याप जिवंत आहे काय, हें ‘इज अलाइव्ह’नें निराळें विचारावें लागतें.

बंद होण्याचा संदेश, म्हणजे ‘सिगटर्म’, झेलण्याची तजवीज आधींच केलेली असावी. नाहीं तर प्रोग्राम कांहींएक न आवरतां संपतो. ‘सिगकिल’ मात्र कोणासहि झेलतां येत नाहीं, आणि बॅटरीहि केव्हां तरी दगा देते. यास्तव लिहिणाऱ्यानें प्रत्येक ओळ त्या त्या वेळींच डिस्कवर पोंचवावी. मग अवेळीं सर्वच थांबलें, तरी फार तर शेवटचें एखादें माप जाईल. रात्रभराचा पाऊस जाणार नाहीं.